आफ्रिकेतल्या बाईचे डोळे

नागपूरच्या चितारओळीतल्या, मूर्तिकारांच्या त्या लांबट कारखान्यात देव्या ओळीनं उभ्या होत्या आणि एकीलाही डोळे नव्हते. साड्यांचे रंग वाळले होते, ओठ लाल झाले होते, नथीसाठी भोकं पाडून झाली होती. भुवयांखाली मात्र पांढरी कोरी जागा. रस्त्यानं जाणारा माणूस दारातून आत डोकवायचा आणि लगेच मान वळवायचा. बिनडोळ्यांच्या बाईसमोर कुणाला फार वेळ उभं राहवत नाही.

मनोहरराव मात्र सकाळपासून तिच्यासमोरच उभे होते. आंघोळ झालेली, पोट उपाशी, कपाळावर गंध, हातात खारीच्या केसांचा बारीक कुंचला. कुंचला काळ्या रंगात बुडायचा, वर यायचा, देवीच्या गालापर्यंत जायचा आणि तिथंच अडायचा. मग मुकाट्यानं वाटीत परत. काल असंच झालं होतं. परवाही असंच.

"आज उघडता का डोळे, का नुसता रंगच कालवून राहिले?" मागून त्यांच्या बायकोनं, प्रेमिलाबाईंनी विचारलं. त्यांचे हात कोपरापर्यंत मातीत होते.

"उघडतो ना."

"उघडतो ना, उघडतो ना. मंडळाचे पोट्टे ढोल घेऊन दारात येतीन, मंग त्यायले काय सांगू? देवी झोपली आहे, उठल्यावर या म्हणू?"

मनोहररावांनी कुंचला पुन्हा वाटीत बुडवला. प्रेमिलाबाईंनी मातीचा गोळा उचलून पाट्यावर आपटला आणि आपल्याच तंद्रीत गुणगुणू लागल्या. त्यांना बोलायचं असलं की त्या बोलायच्या, आणि बोलून उपयोग नाही असं वाटलं की गायच्या.

माती मळता मळता, झाली मायी मैतरीन
तिले डोये देता बाई, गेली मलेच इसरून

त्या घरात डोळे आखायचं काम एकाच हाताचं. आधी आजोबांचा हात, मग वडिलांचा, आता मनोहररावांचा. मुलगी भूमिका चित्रकलेचं शिकून आली होती. साडीच्या निऱ्या, बोटांची पेरं, सिंहाची आयाळ हे सगळं तिच्या हातून बापापेक्षा सुबक उतरायचं. पण डोळ्यांचा दिवस आला की ती वाटी धरून उभी राहायची. तिला कुणी नाही म्हटलं नव्हतं. तिनं कधी विचारलं नव्हतं, इतकंच.

"बाबा, तब्येत बरी नाही का?" तिनं हळूच विचारलं.

"तब्येतीले काय झालं?"

"मग हात काहून थांबून राहिला?"

मनोहररावांनी कुंचला फडक्यात गुंडाळला, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडले. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. गेले कित्येक दिवस त्यांचं असंच चाललं होतं. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठं जावं ते कळेना, ताटावर बसलं की घास तोंडात फिरत राही. डोळा लागला न लागला की कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटून जाग येई. आणि ते कुणीतरी कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ती आफ्रिकेतली बाई.

आफ्रिका म्हणजे भिवापूरच्या पुढं, जंगलाच्या कडेला नवं उभं राहिलेलं मुक्कामाचं ठिकाण. पाटीवर नाव 'तेंबो', म्हणजे तिकडच्या भाषेत हत्ती, असं होतं, पण आसपासच्या गावांनी पहिल्या दिवसापासून त्याला आफ्रिकाच म्हटलं. "कोठी कामाले जातेस वं?" "आफ्रिकेत." "पगार बरा आहे?" "बरा आहे, पण सायेब लोकाइले भाकर पातय लागते." अशी बोलणी एसटीत सर्रास चालायची.

ज्येष्ठात तिथली मालकीण रितिका त्यांच्या कारखान्यात आली होती. माहेर-सासर दोन्ही नागपूरचं, सासर सक्करदऱ्याचं. नवऱ्यासोबत काही वर्षं टांझानियात राहून आलेली. तिनं फोनवर फोटो दाखवले. गवताच्या टोप्या घातलेल्या गोल झोपड्या, काळ्या-पांढऱ्या-गेरूच्या नक्षीच्या भिंती, लाकडाचे लांबोडके मुखवटे.

"काका, आमच्या रेस्टॉरंटच्या मागच्या भिंतीवर मला एक चेहरा पाहिजे. मोठा. दोन माणसांच्या उंचीचा. मातीचा वाटला पाहिजे, नुसता प्लास्टरचा नाही. आणि डोळे रिकामे ठेवायचे. आरपार भोकं. मागून दिवे लावू."

"रिकामे डोळे?"

"हो ना. तीच तर मजा आहे."

मनोहररावांना ते काम आवडलं. बांबूचा सांगाडा, तणसाचे वेटोळे, वर मातीचे थर, सगळं ओळखीचं होतं. चेहराच तेवढा अनोळखी. लांब नाक, मिटलेले जाड ओठ, गालांवर वळ्या-वळ्यांची नक्षी. भूमिकेनं ती नक्षी इतकी देखणी कोरली की रितिका रोज नवीन माणसाला घेऊन दाखवायला यायची. काम संपलं, दिवे लागले, रिकाम्या डोळ्यांतून पिवळा उजेड बाहेर पडला, आणि दुसऱ्याच संध्याकाळी रितिकाचा फोन आला.

"काका, पाखरं."

"कोणती पाखरं?"

"दिव्यावरची, सगळ्या जंगलातली. दिवा लागला की तिच्या डोळ्यांतून भसाभस बाहेर येतात. काल एका पाहुण्याच्या सूपमध्ये चार पडली. तुम्ही ते डोळे बुजवा आणि रंगवून द्या. सीझन सुरू झाला, माझ्याकडे लोक यायला लागले."

तर बाप आणि लेक दोघं गेले. मनोहररावांनी मातीनं भोकं बुजवली, पांढरा हात दिला, आणि वाळायला रात्रभर सोडून सकाळी शिडीवर चढले. चढण्याआधी सवयीनं आंघोळ केली, सवयीनं उपाशी राहिले. शिडीवर उभं राहून श्वास रोखला आणि एका दमात डोळे आखले. शेवटी बुबुळात ठिपका ठेवला आणि त्यांच्या तोंडून सवयीनंच निघालं, जे प्रत्येक देवीला निघतं तेच.

"पाह्य माय."

त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं की उघडलेल्या डोळ्यांची पहिली नजर झेलायची नसते. समोर आरसा धरायचा, तिची तिला पाहू द्यायची, आणि आखणाऱ्यानं मान खाली घालून बाजूनं निघून जायचं. जरा वेळानं, नजर निवली की परत यायचं. समोरच्या भिंतीला पाठ लावून पाहायचं. चुकलं असेल तर ओलं फडकं फिरवायचं, पुन्हा आखायचं.

तिथंही त्यांनी तेच केलं. भूमिकेनं आरसा धरला. ते मान खाली घालून शिडीवरून उतरले आणि बाजूनं बाहेर पडले. पण बाहेर नागपूरला निघालेली गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, टेबलं मांडणारी माणसं फरशी पुसत सगळ्यांना बाहेर काढत होती. ते गाडीत बसले. उमरेड ओलांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

पाह्य माय म्हटलं. पण कोणती माय?

दुर्गा नाही, गौर नाही, मारबत नाही. नाव नाही, गाव नाही. त्यात पितृपक्ष चालू. आपण कुणाला उठवून बसवलं आहे? आणि ती आता जाणार कधी? गणपती दहा दिवसांनी जातो. देवी दसऱ्याला जाते. पोळ्यानंतरचे मारबत-बडग्यांचे पुतळे मिरवून त्याच दिवशी जळतात. हिला जायचा दिवसच नाही. ती तिथं उघड्या डोळ्यांनी बसली आहे, खाली लोक कोंबडीच्या तंगड्या तोडताहेत, आणि आपण इकडं दुसरीचे डोळे उघडायला निघालो आहोत.

त्या दिवसापासून त्यांचा हात थांबला होता.

चालत चालत ते सक्करदऱ्याच्या तलावापाशी आले. ऊन उतरत होतं, काठावर माणसं फिरायला निघाली होती. तरुणपणी त्यांनी इथं आपल्या हातच्या किती मूर्ती बुडताना पाहिल्या होत्या. आधी रंग सुटायचा, पाण्यावर लाल-पिवळी साय धरायची, मग बोटं जायची, मग नाक. आता तलावात सोडू देत नाहीत, टाक्या असतात. पण जायचं ते जातंच. घरी त्यांच्या वडिलांच्या हातची एक वस्तू नव्हती. आजोबांच्याही नाही. त्यांच्या स्वतःच्या हातचंही काही नव्हतं. याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट दसऱ्यानंतर रिकाम्या कारखान्यात झोप कशी गाढ लागायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भूमिकेला सांगितलं, "मले आफ्रिकेत जायचं आहे."

"मलाही जायचंच आहे. वॉर्निश मारायचं राहिलं ना तिला. पण तुम्ही काहून?"

"तिचे डोळे मिटवायचे आहेत."

भूमिका बघतच राहिली. प्रेमिलाबाई चुलीपाशी होत्या, त्या वळल्या. "घ्या. घरच्यांचे उघडत नाही आणि परकीचे मिटवाले चालले."

एसटीत खिडकीची जागा मिळाली.  भूमिकेनं उमरेडच्या स्टँडवर दोन समोसे घेतले आणि एकटीनंच खाल्ले, कारण डोळ्यांना हात लावायचा म्हणून बाप उपाशीच होता. गाडी सुटली. पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरचीची शेतं लागली तशी ती बोलली.

"बाबा, एक बोलू? रागवाल नाही ना?"

"बोल."

"रितिकाताई आणखी सहा चेहरे करून घेणार आहे. प्रत्येक कुटीत एक. तुम्ही जर आज तिचे डोळे मिटवले तर ती आपल्याला दारात उभं करणार नाही."

"मले काही खायची कमी आहे का?"

"खायचं नाही हो. मी किती वर्षांची होते पहिल्यांदा माती कालवली तेव्हा? आजवर केलेलं सगळं वाहून गेलं. शिकायला गेले तेव्हा सगळ्यांकडे दाखवायला काहीतरी होतं. माझ्याकडे फोनमधले फोटो. ही एकच आहे जी पुढच्या वर्षी जाऊन पाहिली तर तिथंच असेल. आपल्या घरातलं एक तरी टिकू द्या ना."

मनोहररावांनी खिडकीबाहेर पाहिलं. टिकू द्या. ती टिकणार, हेच तर त्यांच्या छातीत रुतून बसलं होतं, आणि पोरगी तेच हात पसरून मागत होती.

"तिले नाव नाही, भूमिका. कोण आहे ते मले माहीत नाही."

"तिला माहीत असेल."

कंडक्टरनं घंटी मारली. "चला, आफ्रिकावाले उतरा. फाटा आला."

फाट्यावरून मातीची पायवाट सागातून आत जात होती. गवत कमरेएवढं वाढलेलं, त्यावर पिवळी फुलं. वळण घेतलं की एकदम त्या गोल टोप्या दिसायच्या, गवतानं शाकारलेल्या, जणू जंगलातच उगवल्यासारख्या. मधे निळं पाणी भरलेला तलावडा, काठावर लाकडाचे दोन जिराफ, बसायला ढोलाच्या आकाराच्या तिवया. आणि सगळ्यांच्या मागं उंच छपराखाली ते रेस्टॉरंट, तिन्ही बाजूंनी उघडं.

मनोहररावांनी चपला पायरीशी काढल्या. ते छपराखाली शिरले आणि मान खालीच ठेवून एका तिवईवर बसले.

रितिका त्यांना पाहून खूश झाली. "अरे वा काका, तुम्हीपण? बरं झालं. सगळे पाहुणे सफारीला गेलेत, जागा मोकळी आहे. कौशल्याबाई, काकांना चहा आणा." आतून स्वयंपाकघरातली कौशल्या डोकावली आणि गेली. "काका, तुम्हाला सांगू, त्या चेहऱ्याचे फोटो सगळीकडे फिरताहेत. येणारा प्रत्येक माणूस मला एकच विचारतो, हे तुम्ही कसं जमवलं?"

"काय?"

"तिची नजर. कुठंही बसा, ती तुमच्याकडं बघतच नाही. तुम्ही इथं असा, तिथं असा, ती तुमच्या पलीकडंच कुठंतरी पाहते. इतकी गूढ वाटते. जमवायला किती कठीण असेल ना?"

मनोहररावांनी मान वर केली.

डोळे उघडल्यावर त्यांनी तिला पहिल्यांदाच खालून पाहिलं. वर, छपराच्या अंधारलेल्या पोटाखाली, तो मोठा मातकट चेहरा होता. ओठ छान, गाल छान, भूमिकेची नक्षी उन्हाच्या तिरिपेत जिवंत झालेली. आणि डोळे. उजवा समोर पाहत होता. डावा किंचित खाली घसरला होता आणि त्याचं बुबुळ नाकाकडं ओढलं गेलं होतं. केसाएवढाच फरक. पण तेवढ्यानं दोन्ही डोळ्यांची गाठ पडत नव्हती. ती गूढ नव्हती. ती तिरळी होती.

ते उठले, दुसऱ्या तिवईवर बसले. मग तिसऱ्या. दारापाशी गेले, कोपऱ्यात गेले. कुठूनच ती त्यांच्याकडं पाहत नव्हती. चितारओळीतली देवी असली तर रस्त्यावरचा सायकलवाला जाता जाता हात जोडतो, कारण त्याला वाटतं तिनं आपल्यालाच पाहिलं. आणि इथं बाई कुणाचीच नव्हती.

छातीतला तो कित्येक दिवसांचा काटा हलला. त्यांना एकदम आठवलं, डाव्या डोळ्याचा कोपरा ओढताना शिडी जराशी सरकली होती. हातानं ते तेव्हाच ओळखलं होतं. डोक्यानं त्याचा पितृपक्ष केला होता, देव केला होता, कोपही केला होता. आजवर किती देव्यांचे डोळे असे चुकले असतील, कुणी सांगावं? नऊ दिवसांत पाणी येऊन पुसून गेलं. ही पुसली जाणार नव्हती.

"बेटा," ते रितिकाला म्हणाले, "ते चुकलं आहे."

"काय चुकलं?"

"डावा डोळा. दुरुस्त करतो."

रितिकाचा चेहरा उतरला. "काका, नको. अहो, लोकांना तेच आवडून राहिलंय. चुकलेलं असेल तरी असू द्या. मला हवं तसं चुकलंय."

"तुले आवडलं म्हणून ते बरोबर होत नाही."

"भूमिका, तू सांग ना यांना."

भूमिका चेहऱ्याकडं पाहत होती. तिनं त्या दिवशी आरसा धरला होता. आरशामागं उभं राहून तिलाही नजर दिसली नव्हती. आत्ता तीही या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेली, मान वरच ठेवून. परत आली तेव्हा तिनं रितिकाकडं पाहिलं नाही.

"बाबा बरोबर म्हणून राहिले, ताई."

"आणि बिघडलं तर? थोड्या वेळात सफारीच्या गाड्या येतील. माझ्याकडे आज मुंबईचे लोक आहेत."

मनोहररावांनी चहाचा कप खाली ठेवला. चहा तसाच होता, वर साय धरलेली. "तुया सासरच्या मंडळाची देवी कोणाकडे आहे, माहीत आहे ना?"

"तुमच्याकडेच. सासूबाई अध्यक्ष आहेत यंदा."

"ते बिनडोळ्याची उभी आहे. तिच्यासंगं बाकीच्याही. हात उचलतच नाही माया. हे नीट झालं नाही तर घट बसतीन तेव्हा तुया सासूले मी कोरी देवी देईन. मंग तू अन् ते पाहून घेजा."

रितिका हसायला गेली आणि अर्ध्यात थांबली. सासूबाई डोळ्यांपुढं आल्या असाव्यात. तिनं फाटकाच्या दिशेनं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. "गाड्या यायच्या आत. नक्की ना?"

शिडी आली. मनोहरराव चढले. ओलं फडकं फिरवलं, डावा डोळा गेला, तिथं पांढरा डाग उरला. रंग कालवला, श्वास रोखला, आखला. उतरले, लांब जाऊन उभे राहिले.

आता ती बाजूच्या उंच फळीवरच्या मद्याच्या बाटल्यांकडं पाहत होती.

"जरा जास्तच वर गेला," भूमिका म्हणाली.

"मले दिसून राहिलं."

पुन्हा चढले. पुसलं, आखलं, उतरले. आता ती बाटल्यांकडंही नाही, सरळ छपराकडं.  वरून पाहिलं की डोळा नितळ, निर्दोष दिसायचा. खाली आलं की चुकायचा. पुन्हा चढले. तेवढ्या वेळात स्वयंपाकघराच्या दारात माणसं जमली. कौशल्या पदरानं हात पुसत म्हणाली, "काका, तुमचं चढनं-उतरनं पाहून मलेच दम लागून राहिला."

"बाबा, डावा किंचित खाली."

"सांगू नको."

"पण तुम्हाला वरून कसं दिसणार?"

ते शिडीवर थबकले.  कारखान्यात मोठी देवी ते जमिनीलगत पाटावर ठेवायचे, तिच्या बरोबरीनं उभे राहायचे, मागं भिंत जवळ असायची. पाहणारा तोच आणि आखणारा तोच. एवढ्या उंच बाईला ते पुरत नव्हतं. लांबून इंजिनाचा आवाज आला. रितिका फाटकाकडं निघाली होती, तिथंच उभी राहून वळली.

मनोहरराव उतरले. छपराच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि वर पाहिलं. इथून त्यांना सगळं कळत होतं. कोपरा कुठं हवा, बुबुळ कुठं, पापणीची रेघ किती जाड, अगदी बोट ठेवून सांगता आलं असतं.

"तू चढ," ते म्हणाले.

भूमिकेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मी?"

"मले वरून दिसत नाही. इथून दिसते. चढ लवकर."

"बाबा, पण मी खाऊन आले. स्टँडवर. दोन समोसे."

दारातल्या बायका फिसकन हसल्या. मनोहररावांनी क्षणभर डोळे मिटले. वडील, आजोबा, सगळे त्या क्षणात येऊन उभे राहिले असतील, कुणी सांगावं. मग त्यांनी कुंचला पुढं केला.

"ते आफ्रिकेची आहे. तिले चालते."

भूमिका चढली. हातात फडकं, दातांत कुंचला. तिनं डोळा पुसला. नुसता डावाच नाही, जराशा विचारानं उजव्याची कडाही पुसली. खालून मनोहरराव ओरडले, "उजव्याले हात नको लावू," आणि ती वरूनच म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना, दोघांची गाठ पडली पाहिजे. मग दोघांनाही हलावं लागेल." मनोहरराव एक पाऊल मागं सरकले.

"कोपरा वर घे. अजून. बस. बुबुळ नाकापासून दूर. तेवढं नाही. पोट्टे, तेवढं नाही म्हटलं."

"ओरडू नका, हात हलतो."

"बरं, ओरडत नाही. ठिपका उजव्या अंगाले ठेव. श्वास रोख."

गाड्या आत आल्या होत्या. दारं उघडल्याचे, कॅमेऱ्यांच्या पट्ट्यांचे आवाज येत होते. भूमिकेनं ठिपका ठेवला आणि तिच्या तोंडून काही निघालं, पण इतकं हळू की खाली कुणालाच ऐकू गेलं नाही. मग ती मान खाली घालून शिडीवरून उतरली आणि बाजूनं निघाली.

आरसा धरायचं कुणाच्याच लक्षात नव्हतं. मनोहरराव मधोमध उभे होते आणि मान वर होती.

ती पाहत होती. दोन्ही डोळ्यांनी, सरळ त्यांच्याकडं. अनोळखी बाई अनोळखी माणसाला पाहते तसं, ना माया ना राग, नुसतं नीट. त्यांना वाटलं हटावं. हटले नाहीत. 

"मायबाई," दारातून कौशल्या म्हणाली, "मायाकडं पाहून राहिली वं ते."

"नाही, माझ्याकडे," रितिका फाटकाच्या बाजूनं म्हणाली आणि दोन पावलं बाजूला सरकली. मग अजून दोन. तिच्या कपाळावर आठी पडली. "अजूनही माझ्याकडेच बघते आहे."

"भूमिका," मनोहररावांनी हाक मारली, "कोठी चालली? इकडं ये. माया जागी उभी राहा. पाह्य."

तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मुंबईचे पाहुणे बोलत बोलत आत आले आणि पायरीपाशी त्यांचा आवाज आपोआप खाली गेला.

निघताना रितिका फाटकापर्यंत आली. तिला काय वाटत होतं ते तिचं तिलाही नक्की कळत नसावं. "आधीची जास्त... काय माहीत. जेवताना लोकांना अवघडल्यासारखं होईल का, हे बघावं लागेल. बाकीच्या सहा चेहऱ्यांचं मी कळवते."

"कळवा," भूमिका म्हणाली. "वॉर्निश तेवढं मी पुढच्या आठवड्यात येऊन मारते. तोवर कुणाला पाणी मारू देऊ नका."

परतीच्या एसटीत गर्दी होती. भिवापूरच्या बाजारातून मिरचीची पोती चढली होती आणि सगळी गाडी शिंकत होती. मनोहररावांना जागा मिळाली, भूमिका दांडीला धरून उभी. त्यांनी दोनदा मागं वळून पाहिलं, जणू सागाच्या झाडांतून ती अजून दिसणार होती. जिवाची तगमग पुरती गेली नव्हती. पण ती आता हातात उतरली होती, आणि हाताला काम दिसत होतं.

"घरी गेल्यावर पाटावरच्या देवीपासून सुरुवात करू," ते म्हणाले.

"तुम्ही उघडाल ना आता?"

"तू वर. मी खाली."

भूमिकेनं दांडी घट्ट धरली. गाडी खड्ड्यातून गेली. "आणि मी चुकले तर?"

"चुकशील ना. मी उभा राहीन, सांगीन."

"आई म्हणेल, आता दोघं मिळून वेळ लावून राहिले."

"म्हणू दे. मंग गाणं म्हणंन."

ती हसली. मग जरा वेळानं, शिंकांच्या मधून, तिनं विचारलं, "आणि तुम्ही खाली नसाल तेव्हा?"

 उमरेडचं वळण आलं, माणसं उतरली, शेजारची जागा रिकामी झाली. मनोहररावांनी आधी तिला बसू दिलं.

"तेव्हा तू चढजो, आखजो, खाली येजो. मान वर करून पाहजो. अन् चुकलं असंन तर परत चढजो."